गुरगुरायचं विसरलेला बंड्या : एक प्रकरण अभ्यास

नाशिकमधल्या एका घरातलं हे प्रकरण आहे, त्यांना विचारून लिहितेय, नावं आणि ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात, कुत्र्याचं नाव सुद्धा. मी घरी जाऊन कुत्र्यांचं ट्रेनिंग घेते. "मॅडम, काहीच नसताना अचानक चावला हो" हे वाक्य मी महिन्यातून एकदा तरी ऐकते आणि दरवेळी पुढे बोलत गेलं की ते अचानक नव्हतं असंच निघतं. ह्या केसमध्ये मात्र तो खरंच न गुरगुरता चावला होता. का, ते पुढे येईलच. माझ्या हातून पण ह्यात एक मोठी गोष्ट सुटली, ती पण लिहिलीये.

पार्श्वभूमी

टू बीएचके फ्लॅट, घरात आजी (बहात्तर वर्षांच्या), मुलगा, सून आणि पाचवीतला नातू. मी सुनेला ताई म्हणते आणि त्यांच्या मिस्टरांना सर, तर इथे पण तसंच लिहिते. घर पूर्ण शाकाहारी, हे पुढे महत्त्वाचं आहे.

बंड्या गावठी, तांबूस, एक कान उभा एक पडका. श्रावणात बांधकामाच्या साईटवर सहा पिल्लं होती त्यातलं हे एक, अडीच महिन्याचं असताना नातवाने भिजलेलं उचलून आणलं आणि मग ते घरातच राहिलं, नेहमीची गोष्ट. साईटवर वॉचमन एकाच घमेल्यात उरलेला भात टाकायचा आणि सहाही पिल्लं त्यावर तुटून पडायची, असं ताईंनी सांगितलं. त्यामुळेच तो पुढे असा झाला असं काही छातीठोकपणे म्हणता येत नाही, अशा घमेल्यातून खाऊन मोठी झालेली कितीतरी कुत्री आयुष्यभर कुणाला काही करत नाहीत. पण ऐकलं की मी वहीत लिहून ठेवते.

पहिलं वर्ष छान गेलं. लसीकरण पूर्ण, रेबीजची पण वेळेवर. खाणं म्हणजे सकाळ-संध्याकाळ ड्रायफूड, दुपारी दहीभात, आणि एक वाजता आजींच्या हातची पोळी.

प्रॉब्लेम कसा वाढत गेला

वर्षाचा झाल्यावर पहिल्यांदा ताईंना जाणवलं की जेवताना कोणी जवळून गेलं तर बंड्या खाता खाता थांबतो. तोंड भांड्यातच, चावणं बंद, अंग लाकडासारखं, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरं दिसतं. माणूस पुढे गेला की परत खायला सुरुवात. कुणाला त्यात काही वाटलं नाही. दिवाळीच्या आधी तो हलकं गुरगुरायला लागला आणि तिथून सगळ्यांना वाटायला लागलं.

ह्याला आमच्यात रिसोर्स गार्डिंग म्हणतात, म्हणजे आपल्याला मोलाची वाटणारी वस्तू कोणी घेईल ह्या भीतीने तिची राखण करणं. वस्तू म्हणजे खाणं, हाड, मोजा, सोफ्यावरची जागा, कधी कधी एखादा माणूस पण. थोडंफार हे बऱ्याच कुत्र्यांत असतं. आपण नाही का ट्रेनमध्ये खिडकीची जागा सोडून उठताना रुमाल टाकून जात, तसंच.

मग सल्ले सुरू झाले. सरांच्या एका नातेवाईकांनी सांगितलं की तो जेवत असताना रोज भांडं काढून घ्या, मालक कोण ते कळलं पाहिजे. ह्यांनी काढून घेतलं, चार दिवसांत गुरगुर डबल. मग एक ट्रेनर आला (कोण ते लिहित नाही, ती पद्धत अजून बरेच जण वापरतात). त्याने शिकवलं की भांड्यात हात घालायचा, गुरगुरला की मानेला धरून आडवा पाडायचा आणि तो ढिला पडेपर्यंत दाबून ठेवायचा. सरांनी तीन आठवडे हे मनापासून केलं. आणि गुरगुर थांबली! ट्रेनरने फी घेतली, घरातले खूश.

आडवं पाडून मालक कोण ते दाखवायचं, ह्यामागे "अल्फा"ची, म्हणजे कळपात सगळ्यांना दाबून वर राहणाऱ्या म्होरक्याची कल्पना आहे. ही भानगड कुठून आली ते थोडं सांगते. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या शास्त्रज्ञाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास छापला. ते लांडगे कोंडलेले होते, त्यांच्यात सारखी भांडणं व्हायची आणि त्यातून वर कोण खाली कोण ही कल्पना पुढे आली. नंतर डेव्हिड मीच (Mech) ह्या लांडग्यांच्या अभ्यासकाने १९७० मध्ये ती उचलली आणि ती जगभर पसरली. मग ह्याच अभ्यासकाने कॅनडाच्या एल्समेअर बेटावर जंगली लांडगे बरीच वर्षं उन्हाळ्यात जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे साधं कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पोरं, मारामारी करून कोणी अल्फा होत नाही. ज्याने गोष्ट पसरवली त्यानेच मागे घेतली, आणि आपल्याकडे अजून कुत्र्याला आडवं पाडणं चालूच आहे. कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे हा मुद्दा तर वेगळाच.

तो दिवस

फेब्रुवारी. नाशिकला द्राक्षांच्या दिवसात घरात पेटी येते म्हणजे येतेच, कुणाची तरी बाग असते. पेटी डायनिंग टेबलच्या खाली ठेवलेली. संध्याकाळी बंड्याने एक घड ओढला आणि सोफ्यामागे घेऊन गेला.

कुत्र्याला द्राक्षं आणि मनुके विषारी असतात हे ताईंना माहीत होतं, किडनी जाते म्हणून. (त्यातलं टार्टारिक ॲसिड ह्याला कारण असावं असं अमेरिकेतल्या प्राणिविषतज्ज्ञांनी २०२१ मध्ये मांडलं. त्यांच्या नजरेला हे आलं त्यात चिंच खाल्लेली कुत्री पण होती, म्हणून आपल्या स्वयंपाकघरात चिंचेचा कोळ आणि चिंचेचा गोळा पण जपूनच ठेवायचा.) ताई ओरडल्या, सर धावले आणि सोफ्यामागे वाकून सरळ तोंडातून घड काढायला हात घातला. बंड्या गुरगुरला नाही, दात दाखवले नाहीत, ताईंच्या शब्दात "बघतच नव्हता, नुसता थिजला होता". आणि पुढच्या सेकंदाला अंगठ्याच्या मुळाशी चावला. दोन खोल भोकं आणि एक चीर. नातू समोरच उभा होता.

पुढचं त्यांनी बरोबर केलं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली, हळद वगैरे काही भरलं नाही, लगेच हॉस्पिटलला गेले. कुत्र्याला लस दिलेली असली तरी रक्त आलंय म्हटल्यावर डॉक्टरांनी रेबीजची इंजेक्शनं सुरू केली आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार अँटीबॉडीज) पण दिलं, आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा म्हणाले. इकडे ताईंनी बंड्याला व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी उलटी करवली, सलाईन लावलं. किती द्राक्षं चालतात असा काही सुरक्षित आकडा नाही त्यामुळे वाट बघणं आलं. तिसऱ्या दिवशी किडनीचे रिपोर्ट नॉर्मल.

समोर काय काय पर्याय होते

मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेले तेव्हा घरात दोन पार्ट्या पडल्या होत्या. सर म्हणत होते की गावाकडे शेतावर सोडू, तिथे मोकळा राहील. हा पर्याय मी प्रत्येक चावण्याच्या केसमध्ये ऐकते. फ्लॅटमध्ये वाढलेला, चावलेला कुत्रा शेतावर गेला की एकतर बांधून राहतो, नाहीतर तिथल्या कुत्र्यांकडून मार खातो, नाहीतर शेजारच्या पोराला चावतो आणि मग त्याचं काय होतं ते सांगायला नको. कुणी नीट सांभाळणार असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसतं सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड दहा ते पन्नास रुपये, म्हणजे एका वडापावात सुटका, पण गुन्हा आहे.

दुसरा पर्याय ट्रेनरकडे दीड महिना ठेवायचा. मी नको म्हटलं, कारण प्रॉब्लेम ह्या घरातल्या ह्या माणसांच्या हाताशी जोडलेला होता. तिकडे शिकून येईल आणि घरी परत तोच हात भांड्याकडे आला की सगळं मागे. तिसरा पर्याय नसबंदी, सोसायटीतल्या सगळ्यांनी सुचवलेला. करायची तर करा, पण त्याने भांड्यावरची राखण थांबेल असं धरून चालू नका, एवढंच मी सांगितलं. चौथा, कायमची मुसकी. मुसकी मला स्वतःला आवडते, आम्ही बंड्याला ती हळूहळू सवयीची पण केली, पण ती घालून कुत्रा जेवू शकत नाही आणि प्रॉब्लेम जेवणाचाच होता.

राहिला पाचवा, घरातच रोज थोडं थोडं काम. सरांना तो पटला नव्हता. ते मला सरळ म्हणाले, "मॅडम, गुरगुरणारा कुत्रा परवडला, हा काही सांगतच नाही." मी म्हटलं सर, त्याने वर्षभर सांगितलं. आधी थिजून सांगितलं, मग गुरगुरून सांगितलं, आणि गुरगुरला की तुम्ही त्याला जमिनीवर दाबायचात, म्हणून त्याने ती पायरी गाळून टाकली. भीती होती तिथेच राहिली, फक्त भोंगा काढून घेतला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मला वाटलं आता जा म्हणतील. मग म्हणाले तीन महिने बघू. आज विचार केला तर हे मी जरा हळू सांगायला हवं होतं. त्यांनी जे केलं ते पैसे मोजून घेतलेल्या सल्ल्याने केलं होतं.

काय केलं

आधी बंदोबस्त. जेवण बाल्कनीत, मध्ये बेबी गेट, जेवताना तिकडे कोणी जायचं नाही, नातवाने तर अजिबात नाही. द्राक्षाची पेटी माळ्यावर, मोजे कपाटात, टेबलाखाली काही नाही. हे कंटाळवाणं आहे पण निम्मं काम ह्यातच होतं, कारण कुत्रा रोज ज्या गोष्टीची प्रॅक्टिस करतो त्यात तो तरबेज होत जातो.

मग मी एक दिवस दुपारी नुसती बसले. एक वाजता आजी खुर्ची ओढून ओट्याशी बसल्या, पोळ्या लाटत होत्या आणि बंड्या दारात. दर दोन पोळ्यांनी एक तुकडा "घे रे" म्हणून त्याच्याकडे टाकायच्या आणि परत लाटणं सुरू. टाकल्यावर बघायच्या पण नाहीत. बंड्या दारात पसरून, शेपटी सैल, तोंड उघडं. नंतर आजी उठून त्याच्या अंगावरूनच डबा घ्यायला गेल्या, त्याच्या पुढ्यात तुकडा होता, तरी तो थिजला नाही. घरातले म्हणायचे त्याला आजींचा लळा आहे. लळा आहेच, पण मी जो व्यायाम कागदावर लिहून आणला होता तोच आजी दीड वर्ष करत होत्या! त्यांचा हात नेहमी काहीतरी देऊन गेला, कधी काही घेऊन गेला नाही. तो कागद मी पर्समध्येच ठेवला आणि आजींना म्हटलं आता तुम्हीच शिकवा ह्या दोघांना.

तर पद्धत अशी ठरली. बंड्या भांड्यात खातोय, ताई आठ फुटांवरून चालत जातात, जाता जाता एक चांगला तुकडा भांड्याच्या दिशेने टाकतात आणि न थांबता निघून जातात. थांबायचं नाही, टक लावून बघायचं नाही, लाडाने बोलायचं नाही. एका जेवणाला पाच-सहा फेऱ्या. माणूस दिसल्यावर बंड्याने मान वर करून शेपटी हलवली, म्हणजे "आलं का काही" असा चेहरा केला, की पुढच्या दिवशी अर्धा फूट जवळ. थिजला की दोन फूट मागे. बस इतकंच, पण रोज.

तुकडा कशाचा ह्यावरून एक वेगळं महाभारत झालं. मला उकडलेलं चिकन हवं होतं, कारण ड्रायफूडपेक्षा भारी काहीतरी लागतं. आजी म्हणाल्या, "ओट्यावर आणायचं नाही, माझ्या फ्रीजमध्ये ठेवायचं नाही, बाकी तुमचं काय ते करा." शेवटी डबा शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये राहायला लागला आणि ताई रोज बेल वाजवून आठ तुकडे घेऊन यायच्या. आठ फुटांवर पनीर पण चालायचं, चार फुटांच्या आत मात्र चिकनच.

दुसरं, "दे" शिकवलं. सुरुवात त्याला फारशी किंमत नसलेल्या वस्तूपासून, रिकाम्या पाण्याच्या बाटलीपासून. बाटली तोंडात, नाकाशी तुकडा, त्याने सोडली की "दे" म्हणायचं, तुकडा द्यायचा आणि बाटली परत द्यायची. परत देणं लोक विसरतात. दिलं तरी परत मिळतं हे कळलं की राखण करायची गरजच कमी होते. बाटलीनंतर जुना मोजा, मग दोरी, मग रबरी खेळणं.

तिसरं फक्त इमर्जन्सीसाठी, "शोध". मूठभर खाऊ बाजूला लांब उधळायचा, तो शोधायला गेला की मधलं दार लावायचं आणि मग वस्तू उचलायची. द्राक्षाच्या दिवशी हे येत असतं तर अंगठा वाचला असता, घड पण लवकर सुटला असता.

गाडी अडली तिथे

तीन आठवड्यांत ताई तीन फुटांवर आल्या आणि तिथून पुढे गाडी सरकेना. दोन दिवस बरा, तिसऱ्या दिवशी पुन्हा थिजलेला. मी नेहमीचे उपाय केले, अंतर वाढवलं, फेऱ्या कमी केल्या, सरांना थोडे दिवस बाजूला ठेवलं. दहा-बारा दिवस असे गेले. मग ताईंनी पाठवलेला एक व्हिडिओ मी आवाज मोठा करून बघत होते, अंतर मोजायला, तर लक्षात आलं की तो ड्रायफूड फक्त उजव्या बाजूने चावतोय, मान तिरकी करून, आणि मधेच एखादा दाणा तोंडातून पडतोय. मागचे सगळे व्हिडिओ परत काढले. सगळ्यात तेच! पहिल्या दिवसापासून.

व्हेटने भूल देऊन तोंड तपासलं. वरच्या जबड्यातला डावीकडचा मागचा मोठा दात उभा तडकलेला, आत इन्फेक्शन. घरात चघळायला ती छुर्पी, म्हणजे याकच्या दुधाचं कडक चीज असायचं, शाकाहारी म्हणून खास मागवलेलं. इतकी कडक वस्तू दात तोडू शकते. साधा नियम, नख दाबून खूण उमटत नसेल तर कुत्र्याला चघळायला देऊ नये. दात काढला, दोन आठवडे मऊ खाणं.

दातामुळेच सगळं झालं असं मी म्हणत नाही. दात कधी तडकला ते कुणाला माहीत नाही, आणि तो काढल्यावर बंड्या एका रात्रीत साधू पण झाला नाही. पण खाताना दुखत असेल आणि त्यात कोणी जवळ आलं तर कोण शांत राहील? वागणुकीच्या तक्रारी घेऊन तज्ज्ञांकडे येणाऱ्या कुत्र्यांपैकी, कमीत कमी धरलं तरी, एक तृतीयांशांत कुठेतरी दुखणं असतं असा अंदाज २०२० च्या एका शास्त्रीय लेखात आहे. हे मला माहीत होतं. तरी मी पहिल्या दिवशी "व्हेटकडे नुकतंच जाऊन आलोय" हे ऐकून पुढे गेले, आणि ते गेले होते द्राक्षांसाठी, तोंडात कुणी बघितलंच नव्हतं.

हळदीकुंकवाचा दिवस

दात काढून तीन आठवडे होत आले होते, अक्षय्य तृतीयेच्या आधी घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. पंधरा-वीस बायका, आंब्याची डाळ, पन्हं, कलकल. बंड्याला बेडरूममध्ये ठेवलं होतं, रबराच्या पोकळ खेळण्यात दहीभात भरून गोठवलेला दिला होता. ठरलं होतं की कडी बाहेरून लावायची. ती राहिली. पाहुण्यांबरोबर आलेली एक छोटी मुलगी दार उघडून आत गेली.

तिने दोन पावलं टाकली आणि बंड्या गुरगुरला. मोठ्याने, हॉलमध्ये ऐकू येईल इतका. आजींनी हातातला पन्ह्याचा ग्लास तसाच ठेवला, दारातूनच "शोध" म्हणून प्लेटमधले काकडीचे तुकडे लांब भिरकावले आणि मुलीला दंडाला धरून बाहेर काढलं. काही झालं नाही, पण मुलीची आई घाबरली, बायका लवकर उठल्या, आणि ताईंचा मला रडत फोन. म्हणे सगळं वाया गेलं, परत गुरगुरायला लागला.

मी त्यांना म्हटलं ताई, सहा महिन्यांनी त्याने तोंड उघडलं. अनोळखी माणूस, बंद खोली, तोंडाशी खाऊ, आणि तरी तो न चावता आधी बोलला. फोनवर त्यांना हे कितपत पटलं कोण जाणे, पण संध्याकाळी सरांनी स्वतः मेसेज केला, "आज त्याने सांगितलं." एवढाच मेसेज.

अर्थात कडी राहिली ही चूक चूकच. नशीब चांगलं म्हणून निभावलं. त्यानंतर कडीबरोबर कुलूप आलं.

सध्या कुठे आहे

काम पाच महिने चाललं. ताई आता दीड फुटावरून जातात, बंड्या शेपटी हलवत वर बघतो. "दे" वर मोजा दहापैकी आठ वेळा देतो, उरलेल्या दोन वेळा घरातले मागे लागत नाहीत, मोजाच आहे. बाल्कनीचं गेट अजून आहे आणि राहणार. नातू त्याच्याशी खेळतो, पण खाताना जवळ जात नाही. पाहुणे आले की कुलूप. दुसरं चावणं झालेलं नाही.

सरांचं जरा वेगळं आहे. ते फेऱ्या मारतात, तुकडा बरोबर टाकतात, पण अजून डावा हात पाठीमागे धरून चालतात. बंड्या सैल असतो, सर नसतात. मी त्यांना हात पुढे घ्या असं एकदाही म्हटलेलं नाही.

परत अशी केस आली तर

पहिलं, पहिल्या भेटीच्या आधीच खातानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मागवते आता, आवाजासकट, आणि तोंड, कान, कंबर तपासल्याचं व्हेटकडून कळल्याशिवाय व्यायाम सुरू करत नाही. पाच आठवडे त्या कुत्र्याने दुखऱ्या दाताने माझे धडे गिरवले ह्याचं मला वाईट वाटतं.

दुसरं, मी सरांना मधेच बाजूला ठेवलं ते चुकलं. तेव्हा ते सोपं वाटलं, पण ज्याच्या हाताची भीती त्याच्याच हाताने ती जायला हवी होती, भले बारा फुटांवरून का होईना. त्या मधल्या दिवसांत त्यांना वाटलं की ह्यात आपलं काही काम नाही. ते परत यायला हळदीकुंकवापर्यंत वेळ लागला.

तिसरं, आजींना मी योगायोगाने पाहिलं. दुपारी एकची वेळ मिळाली म्हणून. संध्याकाळची मिळाली असती तर मी कागद वाचून दाखवून घरी आले असते. आता एक पूर्ण भेट नुसती बसायची ठेवते, आणि त्याचे पैसे घेते, लोक कुरकुरतात.